सुपरहिरो सिनेमे एकसुरी झालेत का? नेमकं कुठे बिघडलं ते मांडूया

चित्रकथी

'आयर्न मॅन' २ मे २००८ला आला, 'एंडगेम' २६ एप्रिल २०१९ला. मधल्या अकरा वर्षांत मार्व्हल स्टुडिओने एकमेकांत गुंफलेले २२ सिनेमे काढले आणि लोकांनी ते मनापासून पाहिले. पुढे २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत ७ सिनेमे, ८ मालिका आणि २ विशेष भाग आले. तासांत मोजलं तर आधीच्या अकरा वर्षांत मिळून जेवढं आलं, जवळपास तेवढंच. २०२३च्या 'द मार्व्हल्स'ने जगभरात सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर मिळवले. त्यातल्याच नायिकेच्या २०१९च्या सिनेमाने ११३ कोटी डॉलर केले होते. मार्व्हलची मालक कंपनी डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही मे २०२४मध्ये जाहीर करून टाकलं की वर्षाला चारपर्यंत गेलेले सिनेमे दोन-तीनवर आणू.

माझं म्हणणं असं की दोष साच्याचा नाही. ठरावीक साच्यातल्या गोष्टी आपण पिढ्यान् पिढ्या आवडीने ऐकत आलोय. या सिनेमांत गोष्ट पुरी करायची सवय सुटली, तिथे बिघडलं. विरोधी मतं जरूर येऊ द्या, पण सिनेमाचं नाव आणि नेमकी जागा सांगून. "बोअर झालं" एवढ्यावर चर्चा पुढे सरकत नाही.

शेंगाचटणी

लई वेळेवर काढला धागा. पण साचा म्हणजे काय ते आधी मांडा की, नायतर सगळे हवेत बोलायलेत असं होईल.

मला दिसतो तो साचा असा. खलनायकाकडे नायकाचीच ताकद: 'आयर्न मॅन'मध्ये दुसरं चिलखत, 'अँट-मॅन'मध्ये दुसरा छोटा होणारा सूट, 'ब्लॅक पँथर'मध्ये तसाच दुसरा पोशाख. शेवटच्या अर्ध्या तासात आभाळातून झोत नायतर यंत्र खाली येणार: 'अ‍ॅव्हेंजर्स', 'मॅन ऑफ स्टील', २०१६चा 'सुसाइड स्क्वॉड'. कुणी रडायला लागलं की लगेच कुणीतरी विनोद मारणार. आणि नावं संपल्यावर पुढच्या सिनेमाची जाहिरात. ही चार कलमं लावून बघा, निम्मे सिनेमे एकाच मापाचे निघतात.

चित्रकथी

चारही कलमं मान्य. पण पहिलं घेऊन 'मिन्नल मुरली' बघा, २०२१चा मल्याळम सिनेमा, बेसिल जोसेफचा. तिथे तर साचा आणखी उघड आहे: एकाच रात्री दोघांवर वीज पडते, दोघांना सारखीच शक्ती येते, एक नायक, दुसरा खलनायक. तरी तो एकसुरी वाटत नाही. खलनायक शिबूला जग जिंकायचं नाही. गावाने वेडा ठरवून टाकलेल्या त्या माणसाला उषासोबत संसार करायचाय, बस्स. त्याची मागणी एका घराएवढी आहे, म्हणून त्याने लावलेली आग आपल्याला लागते. 'डॉक्टर स्ट्रेंज'मधल्या केसिलियसला काय हवं होतं, हे आज किती जणांना आठवतं?

दुसरं उदाहरण मार्व्हलच्याच घरातलं. २०१४च्या 'विंटर सोल्जर'मधली लिफ्टची मारामारी. कॅप्टन अमेरिका लिफ्टमध्ये शिरतो. एकेका मजल्यावर दोघे-तिघे आत येतात. एकाचा हात हत्याराजवळ रेंगाळतो, दुसऱ्याच्या कपाळाच्या कडेला घाम. मारामारी सुरू व्हायच्या आधी आपण माणसं मोजलेली असतात, जागा मोजलेली असते. मग काचेच्या त्या डब्यात जे घडतं त्यातला एकूण एक ठोसा कळतो. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी तीन अजस्र उडती जहाजं आभाळातून कोसळतात, तिथे मात्र काय कुठे चाललंय याचा पत्ता लागत नाही. दिग्दर्शक तेच, नट तेच. पहिल्या प्रसंगाला जागेची मर्यादा होती, दुसऱ्याला काहीच नव्हती.

निळापडदा

व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर बनणाऱ्या दृश्यांच्या बाजूने लिहितो, कारण हे सिनेमे एकसारखे *दिसतात* त्याचं कारण बरंचसं कामाच्या क्रमात आहे.

क्रम साधारण असा चालतो. सगळ्यात आधी तारीख ठरते. ऑक्टोबर २०१४मध्ये मार्व्हलने २०१९पर्यंतच्या तारखा एका दमात जाहीर केल्या. त्यातला 'इनह्युमन्स' सिनेमा म्हणून कधी आलाच नाही. तारखेनंतर मोठ्या मारामाऱ्यांचं प्रीव्हिज बनतं, म्हणजे खडबडीत थ्री-डी आकृत्या वापरून केलेला कच्चा आराखडा: कॅमेरा कुठे, कोण कुठून उडतो, काय फुटतं. पटकथा पक्की होण्याआधी, कधी कधी दिग्दर्शक ठरण्याआधीच हे काम सुरू झालेलं असतं. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्टेल यांची 'ब्लॅक विडो'साठी स्टुडिओशी बोलणी झाली होती. मारामारीच्या प्रसंगांची काळजी तुम्ही करू नका, ते आम्ही बघू, असं आपल्याला सांगितल्याचं त्यांनी स्वतः जाहीरपणे म्हटलंय. अशाने सिनेमाचा पाऊण तास आधीच ठरून जातो. आपल्या चादरीच्या जेकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डावरून नक्षी विणणाऱ्या मागावर, कार्ड तेच ठेवून नुसतं सूत बदललं तर रंग नवा येतो, नक्षी जुनीच राहते. तसंच हे.

मग शूटिंग. मागे काय दिसणार हे ठरलेलं नसतं. म्हणून छायाचित्रकार बाजूने येणारा ठसठशीत प्रकाश टाकू शकत नाही. उद्या मागे संध्याकाळ लावायची ठरली आणि चेहऱ्यावर दुपारचं ऊन असलं तर तो शॉट वाया जातो. त्यापेक्षा सगळीकडून सारखा, सपाट प्रकाश ठेवतात, कशावरही चालेल असा. चेहरे फिकट, सावल्या बिनजोर, आणि माणूस त्या जागेत उभाच नाही असं वाटतं, त्याचं मूळ इथे. पोशाखाचंही तसंच. 'एंडगेम'मधले काळप्रवासाचे पांढरे सूट पूर्णपणे संगणकावर बनलेत, नटांच्या अंगावर ते नव्हतेच.

यानंतर चाचणी खेळ, प्रेक्षकांचे शेरे, पुन्हा शूटिंग, आणि प्रदर्शनाच्या तोंडावर बदल. हजारांच्या घरातले शॉट अनेक कंपन्यांत वाटलेले असतात आणि करार बहुतेक ठोक रकमेचा असतो. शॉट पाच वेळा बदलला तरी पैसे आधी ठरले तेवढेच, मग जादा तास कामगारांच्या माथी. सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स विभागातल्या लोकांनी एकमताने संघटना उभी केली ती याच पार्श्वभूमीवर.

उपाय नाही असं नाही. २०२२च्या 'द बॅटमॅन'मध्ये छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी गॉथम शहरातल्या संध्याकाळी एलईडी भिंतीसमोर घेतल्या. भिंतीवरच्या आभाळाचा उजेड थेट नटावर पडतो, त्यामुळे तांबूस कड खरी वाटते. पण त्या भिंतीला चित्र शूटिंगच्या आधी तयार लागतं, म्हणजे निर्णय आधी घ्यावा लागतो. तेच तंत्र 'अँट-मॅन'च्या 'क्वांटमेनिया' या भागालाही वापरलं होतं आणि तो सिनेमा कसा दिसतो ते आपण पाहिलंय.

नवीपेठ

निळापडदा सर, एवढं मुद्देसूद क्वचित वाचायला मिळतं. संगीताबद्दलही कुणी लिहा ना. बॅटमॅनची किंवा जुन्या सुपरमॅनची धून गुणगुणता येते, मार्व्हलच्या बहुतेक सिनेमांची का येत नाही?

ध्वनिफीत

नवीपेठ, त्याचं मोठं कारण तात्पुरतं संगीत. संकलन करताना दुसऱ्या सिनेमाचं तयार संगीत खाली लावून ठेवतात, म्हणजे प्रसंगाचा वेग कळतो. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानात ते बसतं. मग संगीतकाराला सांगितलं जातं, याच्या जवळपास जाणारं हवं. त्याने ज्याची छाया धरायची ते संगीतही तसंच बनलेलं असतं. 'अ‍ॅव्हेंजर्स'ची धून लक्षात राहिली कारण तीच धून पुढच्या सिनेमांत मोक्याच्या जागी पुन्हा आणली. एकट्या नायकांच्या बाबतीत हा धीर धरला नाही. 'थॉर'च्या सिनेमांत तर संगीतकारच बदलत गेले.

आपल्याकडे यात डबिंगची भर पडते. सोलापुरात हे सिनेमे बघणारा मोठा वर्ग हिंदी आणि तेलुगूतून बघतो. डबिंगसाठी स्टुडिओकडून संवाद काढून टाकलेला संगीत-परिणामांचा ट्रॅक येतो आणि चित्र बऱ्याचदा काळं करून, बोलणाऱ्याचं तोंडच तेवढं उघडं ठेवून, कारण फुटायची भीती. म्हणजे संवाद लिहिणाऱ्याला समोर काय घडतंय ते पूर्ण दिसत नाही. त्यात ओठ जुळवायचे. मूळ वाक्यात प, ब, म यांपैकी ओठ मिटणारं अक्षर जिथे असेल तिथे आपल्याही वाक्यात तसंच अक्षर लागतं, नाहीतर जवळच्या शॉटमध्ये लगेच खटकतं. अमेरिकी टीव्हीवरच्या संदर्भाचा विनोद एवढ्या जागेत बसवताना तो मरतो. आणि या सिनेमांचं रंजन निम्मं त्या विनोदावर उभं असतं. विनोद गेला की खाली राहतो तो साचा. डब आवृत्ती बघणाऱ्याला एकसुरीपणा आधी जाणवला तो यामुळे.

मुखवटेवाल्या पात्रांचं मात्र सोनं होतं. तोंड दिसतच नाही, वाक्य हवं तसं फिरवता येतं. २०१८च्या हिंदी 'डेडपूल २'ला रणवीर सिंगचा आवाज होता आणि विनोद इथल्या मातीतले घातले होते, तो चालला. २०२३चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' तर भारतात १० भाषांत आला, त्यात मराठीही होती. मराठीतून मन लावून केलेली डब आवृत्ती हा प्रयोग पुढे चालू राहायला हवा होता, असं मला फार वाटतं.

पडदा_पूर्वभाग

थिएटरच्या बाजूने हिशेब मांडतो. सिनेमा थकलाय का हे पहिल्या दिवसावरून कळत नाही, दुसऱ्या आठवड्याच्या घसरणीवरून कळतं. अमेरिकेत दुसऱ्या शनिवार-रविवारी 'क्वांटमेनिया' सुमारे ७० टक्के पडला, 'द मार्व्हल्स' ७८ टक्के. त्याच वर्षी 'गार्डियन्स ३' ४८ टक्क्यांवर थांबला. तिन्ही मार्व्हलचेच, तिन्ही २०२३चे. म्हणजे "सुपरहिरो म्हणून पडला" असं सरसकट म्हणता येत नाही. 'गार्डियन्स'मध्ये रॉकेट या पात्राची गोष्ट सुरू होऊन तिथेच संपते.

आपल्या मल्टिप्लेक्समध्ये वाटणीचा रूढ दर असा: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. सिंगल स्क्रीनचे करार निराळे. आता समजा दोन सिनेमांनी एका पडद्यावर कर वजा जाता १४-१४ लाखच केले. पहिल्याने १०, ३, १ असे आणि दुसऱ्याने ६, ५, ३ असे. पहिल्यात थिएटरला ७ लाख ३५ हजार राहतात, दुसऱ्यात ७ लाख ७५ हजार. गल्ला तेवढाच, ४० हजारांचा फरक नुसता टिकण्यामुळे. शिवाय पहिल्या तीन दिवसांत खच्चून गर्दी झाली की मध्यंतरातल्या १५ मिनिटांत कँटीनला सगळ्यांना माल देता येत नाही, रांगेतले अर्धे परत जातात. म्हणून झपकन उघडून धपकन पडणारा सिनेमा स्टुडिओला परवडतो, गावातल्या थिएटरला नाही. त्यासाठी अडवलेल्या खेळांत एखादा मराठी सिनेमा दुपारी १२ला ढकललेला असतो, हे वेगळंच दुखणं.

सोलापुरात खेळ वाटणं जरा अवघडच. पूर्व भागात तेलुगू हवं, बाकी शहराला हिंदी, थोड्यांना इंग्रजी. प्रत्येक आवृत्तीला आणि प्रत्येक पडद्याच्या सर्व्हरला वेगळी डिजिटल किल्ली येते. तिला सुरू आणि बंद व्हायची वेळ ठरलेली असते. हिंदीची किल्ली आहे पण तेलुगूची पोचली नाही, तर तो खेळ लागतच नाही. आणि संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, इथे तेलुगूचा जोर असतो. 'हनुमान' १२ जानेवारी २०२४ला आला तो नेमका त्या दिवसांत.

थ्री-डीबद्दलही सांगतो, कारण "काही दिसतच नाही" ही तक्रार खरी आहे. टू-डीला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं माप) उजेड हे प्रमाण आहे. थ्री-डीला चष्म्यातून साधारण साडेचार पोचला तरी ठीक मानतात. दिवा जुना झाला की तेवढाही राहत नाही. त्यात सिनेमा रात्रीचा आणि मारामारी वेगवान असली की सगळा काळा गोळा. यातले बरेच सिनेमे मुळात टू-डीत शूट करून नंतर थ्री-डी केलेले असतात. अंधाऱ्या सिनेमाला टू-डीच घ्यावं. थ्री-डी बघायचाच असेल तर मधल्या खुर्च्या धराव्यात, चंदेरी पडद्यावर कडेला उजेड आणखी कमी पडतो.

शेंगाचटणी

अण्णा, हिशेब एकदम पटला. पण चित्रकथींचा मुद्दा मला अजून पटेना. जुलै २०२५चा 'फॅन्टास्टिक फोर' बघा की. आधीचं काही बघायची गरज नाही, वेगळी पृथ्वी, साठच्या दशकाचा देखणा थाट, गोष्ट त्यातच पुरी. तरी दुसऱ्या आठवड्याला ६६ टक्क्यांच्या आसपास पडला. 'थंडरबोल्ट्स'मध्ये तर शेवटी मारामारीने प्रश्न सुटतच नाही, बॉब या पात्राच्या आठवणींच्या खोल्यांत शिरून त्याला मिठी मारतात. साचा मोडला, गोष्टही पुरी केली. जगभरात ३८ कोटी डॉलरच्या आसपास थांबला. मग लोकांना पाहिजे तरी काय?

चित्रकथी

हा खरा अवघड प्रश्न आहे. माझ्या मते चार वर्षं उधारीवर चालवल्याचं ते व्याज आहे. 'द मार्व्हल्स' नीट कळायला एक सिनेमा आणि किमान दोन मालिका आधी बघाव्या लागत होत्या. 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागात वांडा अशी का वागते, हे 'वांडाव्हिजन' न बघणाऱ्याला उमगतच नव्हतं. असे दोन-तीन अनुभव आले की साधा प्रेक्षक पुढच्यासाठी चौकशीही करत नाही. मग तुम्ही चांगला, स्वतंत्र सिनेमा दिला तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता ज्या दिवशी आपल्याकडे 'फॅन्टास्टिक फोर' लागला, त्याच २५ जुलैला 'महावतार नरसिंह' लागला. अ‍ॅनिमेशन, नट कुणी नाही. पहिल्या दिवशी दोन कोटींच्या आत, आणि पुढे कर वजा जाता अडीचशे कोटींच्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात तो पडण्याऐवजी चढला. खांब फुटणार आणि उंबरठ्यावर, संध्याकाळी, मांडीवर घेऊन नखांनी वध होणार, हे पोराटोरांना पाठ आहे. तरी खांबाला पहिला तडा जातो तिथे थिएटर श्वास रोखून बसतं. पुढे काय होणार हे माहीत असणं हा दोष असता तर हा सिनेमा तीन दिवसांत उतरला असता. वरदानातली अट मोडायची कशी, हे कोडं त्या गोष्टीत आहे आणि ते डोळ्यांसमोर सुटतं. प्रेक्षकाला पुढच्या भागावर ढकलत नाहीत.

निळापडदा

पण त्याच निर्मात्यांनी पुढच्या भागांच्या तारखा २०३७पर्यंत जाहीर केल्यात, एकूण ७ सिनेमे. दर दोन वर्षांनी एक, हे मार्व्हलपेक्षा कितीतरी बरं. तरी तारीख आधी आणि बाकी सगळं नंतर, हा क्रम पुन्हा तोच आहे. मला त्याचीच धास्ती वाटते.

जुळेसोलापूर

हे मराठीत आधीच घडून गेलंय, ते कुणी मांडलं नाही म्हणून लिहिते. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'ने पुण्यात सव्वाशेहून जास्त आठवडे काढले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फड, पाटील आणि लावणी यातून मराठी सिनेमा बाहेर येईना. अलीकडचं बघायचं तर शिवकालीन चित्रपट. दिग्पाल लांजेकर यांच्या मालिकेत 'फर्जंद'पासून 'शिवरायांचा छावा'पर्यंत २०१८ ते २०२४मध्ये सहा सिनेमे आले. नटसंच बराचसा तोच, बाजही तोच. तरी 'पावनखिंड'ला घरंच्या घरं गेली, कारण प्रत्येक सिनेमा एक प्रसंग घेतो आणि तो पुरा करतो. चित्रकथींच्या बाजूने हे सगळ्यात जवळचं उदाहरण आहे.

पण शेंगाचटणी म्हणतात तेही खरं. २०२२च्या फेब्रुवारीत 'पावनखिंड', एप्रिलमध्ये 'शेर शिवराज', आणि ऑक्टोबरात दुसऱ्या निर्मात्यांचा 'हर हर महादेव', त्यातही पुन्हा बाजीप्रभू आणि पुन्हा घोडखिंड. एकाच वर्षात तीच खिंड दोनदा लढवायची म्हटल्यावर कितीही चांगली केली तरी दुसऱ्यांदा अंगावर काटा पहिल्यासारखा येत नाही. विषय पवित्र आहे म्हणून प्रेक्षक उघड बोलत नाही, पण तिकीट काढताना हात आखडतो. संख्येचा प्रश्न वेगळा आणि साच्याचा वेगळा, दोन्ही एकत्र मोजू नयेत असं मला वाटतं.

चित्रकथी

ताई, घोडखिंडीचा मुद्दा निर्विवाद. संख्येचा वाटा मी कमी धरत होतो, तो वाढवून धरायला हवा.

नवीपेठ

एक कामाचा प्रश्न. 'एंडगेम'नंतर सगळं सोडलेल्या माणसाला 'अ‍ॅव्हेंजर्स'चा पुढचा भाग 'डूम्सडे' बघायचाय. किमान काय बघावं? हिंदीतून.

ध्वनिफीत

जाहीर तारीख १८ डिसेंबर २०२६ आहे, तोवर भरपूर वेळ आहे. 'फॅन्टास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' आणि 'थंडरबोल्ट्स' हे दोन्ही नावं पूर्ण संपेपर्यंत बघा, डूम या खलनायकाची आणि शेवटी दिसणाऱ्या यानाची जोडणी तिथेच आहे. त्याआधी 'लोकी'चे दोन्ही हंगाम, प्रत्येकी ६ म्हणजे १२ भाग. अनेक विश्वांची भानगड तिथे सगळ्यात नीट उलगडली आहे. जाहीर झालेल्या नटांत जुन्या 'एक्स-मेन'मधले पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलन आहेत, म्हणून २०१४चा 'डेज ऑफ फ्युचर पास्ट' एकदा बघून ठेवा. 'सीक्रेट इन्व्हेजन', 'शी-हल्क', 'क्वांटमेनिया' खुशाल सोडा.

पडदा_पूर्वभाग

आणि पहिल्या आठवड्यात तेलुगू आवृत्ती बघायची असेल तर वेळापत्रक बुधवारी रात्रीपर्यंत पक्कं होत नाही, आधी तिकीट काढायची घाई करू नका. गुरुवारी सकाळी बघा, आणि आवृत्तीची भाषा व टू-डी-थ्री-डी दोन्ही तपासूनच पैसे भरा.